‘सर्व्हर डाऊन’ की आतलीच वायर सैल? ग्रामपंचायत, शाळा, सेवा केंद्रात नेटवर्क स्विच कसा निवडायचा, कसा बसवायचा, वाचा सविस्तर

पीक विम्याची मुदत संपत आलेली असते. सेवा केंद्रासमोर रांग असते. कुणी मजुरी बुडवून आलेलं असतं, कुणी वाडीवरून चालत. आणि आतून आवाज येतो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’

हे वाक्य आता गावोगावी पाठ झालंय. कधी ते खरं असतं. पण कधी सरकारी सर्व्हर व्यवस्थित चालू असतो आणि अडचण असते ती टेबलाखाली धूळ खात पडलेल्या एका छोट्या डब्यात. दिवस मात्र रांगेतल्या माणसाचा वाया जातो.

त्या डब्याचं नाव नेटवर्क स्विच. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, पतसंस्था, जिथे दोनपेक्षा जास्त संगणक आहेत तिथे तो असतोच. डबा साधा असतो आणि वर्षानुवर्षं चालतो. बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूचं, म्हणजे स्वस्तातली वायर, चुकीचा अडॅप्टर, कुठेही खुपसलेली पिन. म्हणून हे काम बाजारात जाऊन नाही, तर घरी कागद-पेन घेऊन सुरू करायचं. ते कसं, हे या लेखात पाहू.

स्विच म्हणजे नेमकं काय?

इथे विजेच्या बोर्डावरचा स्विच अभिप्रेत नाही. हा ५, ८, १६ किंवा २४ खाचा असलेला डबा असतो. या खाचांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टात एक वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा. या वायरीवरून माहिती पाठवायच्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ती सुरू केली. आज जगभर कार्यालयांमध्ये हीच पद्धत वापरली जाते.

पूर्वी स्विचऐवजी हब वापरायचे. हब म्हणजे गावात दवंडी पिटणारा. एकाचा निरोप सगळ्या गावाला ऐकू जायचा आणि दोघं एकदम बोलले की गोंधळ. स्विच म्हणजे पोस्टमन. कोणत्या पोर्टावर कोण राहतं हे तो स्वतः शिकतो आणि ज्याचं पत्र त्यालाच देतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक ओळख क्रमांक मिळालेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. स्विच त्याचीच वही ठेवतो.

ओएनटी, राउटर आणि स्विच यांत फरक काय?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. तिघांची कामं वेगळी आहेत.

• ओएनटी: बाहेरून आलेली फायबर याच्यात येते. प्रकाशाच्या रूपात आलेली माहिती हा डबा साध्या वायरीवर घेतो.
• राउटर: तुमचं आतलं जाळं आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला दरवाजा. आतल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटतो तोही हाच.
• स्विच: फक्त आतल्या आत यंत्रं एकमेकांना जोडतो. तो पत्ते वाटत नाही आणि इंटरनेटही आणत नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तेव्हा तिचं नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, पुढे ते भारतनेट झालं. आपल्या राज्यात महानेट हे नावही ऐकायला मिळतं. पण फायबर इमारतीत आली म्हणजे काम संपलं असं नाही. ओएनटीपासून पुढे प्रत्येक टेबलापर्यंतचं जाळं आपल्यालाच नीट करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात, त्यामुळे मागे दोन-चार पोर्ट मिळतात. यंत्रं तेवढीच असतील तर वेगळा स्विच घेण्याची गरजही नाही.

खरेदीआधी कागद-पेन घ्या

इमारतीचा साधा नकाशा काढा. खोल्या, दारं, विजेचे बोर्ड आणि फायबर कुठून येते ते दाखवा. मग जिथे जिथे यंत्र बसणार तिथे फुली मारा. समजा ग्रामपंचायतीच्या इमारतीतच सेवा केंद्र आहे. मोजणी अशी होईल:

• ग्रामसेवकांचा संगणक: १
• सेवा केंद्राचे संगणक: २
• प्रिंटर: १
• हजेरीचं बोट लावायचं मशीन: १
• कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर: १
• वाय-फायचा डबा: १
• राउटरकडे जाणारी वायर: १

एकूण ८. म्हणजे ८ पोर्टांचा स्विच पहिल्याच दिवशी भरला. सहा महिन्यांनी आणखी एक संगणक आला की जागा नाही. मग कुणीतरी दुसरा छोटा डबा आणून लोंबकळत ठेवतो आणि तिथून गडबड सुरू होते. त्यामुळे मोजणीपेक्षा किमान एक चतुर्थांश पोर्ट जास्तीचे धरा. इथे १६ पोर्टांचा स्विच योग्य. शाळेत २० संगणकांची लॅब असेल, तर राउटर आणि प्रिंटर धरून २२ पोर्ट लागतात. म्हणजे २४ पोर्टांचा स्विच घेतला तरी दोनच उरतात, हे आधी कळलेलं बरं.

आता वायर मोजा. दोन खोल्यांमधलं सरळ अंतर १२ मीटर असलं तरी वायर भिंतीवर चढते आणि परत उतरते. ३ वर, १२ आडवी, ३ खाली झाले १८ मीटर. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर शिल्लक धरली की २१. प्रत्येक फुलीसाठी असा हिशोब करा आणि बेरीज घ्या. तांब्याच्या वायरीची एका तुकड्याची कमाल लांबी १०० मीटर असते, हे इथेच लक्षात ठेवा.

कोणता स्विच घ्यायचा?

तीन प्रश्नांची उत्तरं ठरवली की दुकानदार काय दाखवतो त्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

१) वेग किती? बाजारात १०० एमबीपीएसचे आणि १००० एमबीपीएसचे, म्हणजे गिगाबिट, असे दोन प्रकार सहज मिळतात. एका संगणकावरून दुसऱ्यावर १ जीबी फाइल न्यायला पहिल्यात किमान ८० सेकंद लागतात. दुसऱ्यात, दोन्ही संगणक तेवढे तयारीचे असतील, तर ८ ते १० सेकंदांत काम होतं. नवीन घेताना गिगाबिटच घ्या.

पण एक गैरसमज काढून टाका. गिगाबिट स्विच लावला म्हणून इंटरनेटचा वेग वाढत नाही. विहिरीला पाणी आहे तेवढंच आहे, पाइप मोठा घातला म्हणून झरे वाढत नाहीत. कनेक्शन ५० एमबीपीएसचं असेल तर सगळ्यांना मिळून तेवढंच मिळणार.

२) साधा की मॅनेज्ड? साधा स्विच डब्यातून काढला, वायर लावली की चालू. त्यात काही सेटिंग नसतं. मॅनेज्ड स्विचमध्ये शिरून एका डब्याचे दोन-तीन वेगळे गट करता येतात, याला व्हीलॅन म्हणतात. पाच-दहा यंत्रांच्या कार्यालयाला साधा पुरतो. पतसंस्थेसारख्या ठिकाणी, जिथे पैशाचं काम आणि बाहेरच्यांचं वाय-फाय एकाच जाळ्यावर येतं, तिथे मॅनेज्डचा विचार करा. मात्र तो सांभाळणारा माणूस जवळपास हवा. नाहीतर पासवर्ड एकाला माहीत आणि तो गेला पुण्याला, अशी गत होते.

३) पीओई हवा का? पीओई म्हणजे त्याच नेटवर्क वायरीतून यंत्राला वीजही देणं. छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याला वेगळा प्लग लागत नाही. साध्या पीओईत एका पोर्टातून १५.४ वॅटपर्यंत आणि पीओई प्लसमध्ये ३० वॅटपर्यंत वीज मिळते. पण पूर्ण स्विचची एकूण मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती बघा. समजा एका कॅमेऱ्यावर ७ वॅट लिहिलंय आणि कॅमेरे आठ आहेत. झाले ५६ वॅट. स्विचची एकूण मर्यादा ६० वॅट असेल तर काम अगदी काठावर आहे, नववा कॅमेरा लावता येणार नाही. एरवी कॅमेरे नसतील तर पीओईचे जादा पैसे देऊ नका.

स्विचपेक्षा वायर महत्त्वाची

पैसे वाचवायचे असतील तर वायरीवर वाचवू नका. डबा दहा मिनिटांत बदलता येतो. पट्टीत घालून भिंतीवर ठोकलेली वायर बदलायला पूर्ण दिवस जातो.

• प्रकार: वायरीवर कॅट ५ई किंवा कॅट ६ असं छापलेलं असतं. दोन्हींवर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. नवीन कामाला कॅट ६ घ्या.
• अस्सल तांबं: बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशीही वायर मिळते. ती स्वस्त आणि वजनाला हलकी असते, पण वाकवली की तुटते, लांब अंतरावर दगा देते आणि पीओईची वीज तिच्यातून नेली तर तापते. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी पांढरं दिसलं तर दुकानदाराला परत करा.
• बाहेरची वायर वेगळी: घरातली करडी वायर उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. बाहेरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची काळ्या आवरणाची वायर मागा.
• उंदीर: जुन्या कौलारू इमारतीत वायर उघडी सोडू नका. पीव्हीसी पाइपातून किंवा पट्टीतून न्या.
• विजेच्या वायरीपासून अंतर: दोन्ही एकाच पाइपात कधीच घालू नका. समांतर न्यायच्या असतील तर साधारण फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.
• वळण: वायर काटकोनात दाबून दुमडू नका. गोलसर वळण द्या. खिळ्याने आवळून ठोकू नका.

पिन लावताना आठ तारांचा रंगक्रम दोन्ही टोकांना सारखाच हवा. सगळीकडे चालणारा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पिनची खिटी खाली आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडे धरल्या तर हा क्रम डावीकडून उजवीकडे येतो. तारांचे पीळ टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० एमबीपीएसला चारच पुरतात, म्हणून एखादी तार तुटली तरी नेट ‘चालू’ दिसतं, फक्त मंद होतं. काम करणाऱ्याला केबल टेस्टर लावून आठही दिवे क्रमाने लागतात का ते समोर दाखवायला सांगा आणि मगच पैसे द्या.

जागा, लाईट आणि वळवाचा पाऊस

स्विच कुठे ठेवायचा? इमारतीच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, भिंतीला, कोरड्या आणि हवेशीर ठिकाणी. गळक्या छताखाली नको, कपाटात कोंबून नको, फायलींच्या गठ्ठ्याखाली नको. गावाकडे धूळ भरपूर, त्यामुळे बाजूला जाळी असलेली छोटी पेटी मिळाली तर उत्तम. पेटी कुलूपबंद ठेवा, किल्ली मात्र दोघांकडे असू द्या.

लाईट जाणं-येणं आणि व्होल्टेज कमी-जास्त होणं हे आपल्याकडचं रोजचं दुखणं. संगणकाला यूपीएस असतो आणि स्विचचा अडॅप्टर मात्र थेट बोर्डात, असं अनेक ठिकाणी दिसतं. लाईट गेली की संगणक चालू, पण नेट बंद. मग यूपीएसचा उपयोग काय? ओएनटी, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या. लहान स्विच फारच कमी वीज खातो, बहुधा ५ ते १० वॅट. राउटरसाठी छोटे डीसी यूपीएसही मिळतात. घेताना त्याचे व्होल्ट आणि तुमच्या यंत्राचे व्होल्ट जुळतात का ते आधी बघा.

अडॅप्टरची अदलाबदल करू नका. पिन बसते म्हणून ९ व्होल्टच्या स्विचला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर डबा जळू शकतो. नवीन अडॅप्टर आला त्याच दिवशी त्यावर मार्करने लिहा, ‘स्विच’, ‘राउटर’, ‘ओएनटी’.

विजांचा विषय वेगळा. दोन इमारतींमध्ये, म्हणजे ग्रामपंचायत ते शाळा किंवा गोदाम, उघड्यावरून तांब्याची वायर टाकू नका. जवळपास वीज पडली तर त्या वायरीतून झटका आत येतो आणि एकाच वेळी स्विच आणि संगणकांचे पोर्ट जातात. अशा ठिकाणी फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही, आणि १०० मीटरची मर्यादाही राहत नाही. फायबर घेताना आत आधाराची लोखंडी तार नसलेली घ्या. कार्यालयात विजेच्या बोर्डाचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. वळवाचे ढग दाटले की पाऊस सुरू होण्याआधीच अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवा. विजा कडाडत असताना वायरींना हात लावू नका.

जोडणी: एकेक पायरी

१) आधी ओएनटी आणि राउटर चालू करा. एका संगणकाला राउटरची वायर थेट लावून इंटरनेट येतं का बघा. इथे येत नसेल तर स्विच लावून काही होणार नाही.
२) राउटरवर लॅन लिहिलेल्या पोर्टातून वायर काढून स्विचच्या कुठल्याही पोर्टात लावा. वॅन लिहिलेला पोर्ट फायबरच्या बाजूचा आहे, तो सोडा.
३) स्विच चालू करा. राउटरच्या पोर्टाचा दिवा लागला पाहिजे.
४) मग एकेक यंत्र जोडा. एक जोडलं, दिवा बघितला, नेट तपासलं, की पुढचं. सगळं एकदम जोडलं तर चूक कुठे आहे ते सापडत नाही.
५) प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवा. ‘१’ म्हणजे ग्रामसेवक, ‘२’ म्हणजे सेवा केंद्र, अशी यादी पेटीच्या दाराला आतून लावा. पाच मिनिटांचं काम, पण दोन वर्षांनी अर्धा दिवस वाचतो.
६) संगणक आपोआप आयपी पत्ता घेतात, ते तसंच राहू द्या. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला मात्र पक्का पत्ता द्या. नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि प्रिंट निघत नाही. उदाहरणार्थ, राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि तो १०० ते १९९ पर्यंतचे पत्ते वाटतो. मग प्रिंटरला १९२.१६८.१.२० आणि रेकॉर्डरला १९२.१६८.१.२१ द्या. हे पत्ते यादीवर लिहून ठेवा.

या तीन चुका टाळा

पहिली, गोल फिरवलेली वायर. एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचात लावली, किंवा दोन स्विच दोन वेगवेगळ्या वायरींनी एकमेकांना जोडले, तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि वाढत जातात. काही सेकंदांत पूर्ण जाळं ठप्प होतं. साफसफाई करताना खाली पडलेलं टोक कुणीतरी चांगल्या मनाने ‘रिकाम्या’ खाचेत लावतं आणि हे घडतं. ओळख सोपी आहे. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात आणि कुणाचंच काही उघडत नाही. उपाय म्हणजे एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, ती दोषी.

दुसरी, जुना राउटर स्विच म्हणून लावणं. करता येतं, पण तोही पत्ते वाटायला लागतो. एका गावात दोन माणसं घरपट्टीचे क्रमांक वाटायला लागली तर जे होईल तेच इथे होतं. जुन्या राउटरमध्ये शिरून डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि वायर त्याच्या वॅन नाही, लॅन पोर्टातच लावा.

तिसरी, स्विचची माळ. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून चौथा. मधला एक बंद पडला की पुढचे सगळे बंद. शक्यतो मुख्य स्विचपासून प्रत्येक खोलीत सरळ वायर न्या.

बंद पडलं तर दोष आत की बाहेर? पाच मिनिटांत ओळखा

१) दिवे बघा. ओएनटीवर लॉस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरची फायबर तुटलीय. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.
२) स्विचवर तुमच्या संगणकाच्या पोर्टाचा दिवाच नसेल तर वायर किंवा पिन सैल आहे. दुसऱ्या पोर्टात लावून बघा. तिथे चालली तर पोर्ट खराब, तिथेही नाही चालली तर वायर बदलून बघा.
३) दिवा आहे पण नेट नाही? संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत आयपीकॉन्फिग हा शब्द सलग टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. राउटर बंद आहे किंवा मधली वायर निघालीय.
४) पत्ता बरोबर असेल तर पिंग १९२.१६८.१.१, म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता टाइप करा. उत्तर आलं तर आतलं जाळं ठीक. मग पिंग ८.८.८.८ करा. इथे उत्तर नाही आलं तर दोष बहुधा बाहेर, कंपनीच्या बाजूला.
५) दोन्हींना उत्तर येतंय, इतर वेबसाइट उघडतायत आणि फक्त तीच सरकारी वेबसाइट उघडत नाही? आता म्हणा, ‘सर्व्हर डाऊन’.

रांगेतल्या माणसालाही एक गोष्ट करता येते. आपल्या मोबाइलच्या डेटावर तीच वेबसाइट उघडून बघायची. मुख्य पान उघडलं म्हणून आतलं लॉगिन चालूच असेल असं नाही, हे खरं. पण मोबाइलवर सगळं झटपट उघडतंय आणि केंद्रात एकही वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर केंद्रचालक दादा किंवा ताईंना शांतपणे विचारा, ‘स्विचचे दिवे बघता का एकदा?’ भांडणापेक्षा याचा उपयोग जास्त.

लोकांची कागदपत्रं त्याच जाळ्यावर आहेत

सेवा केंद्राच्या संगणकावर गावाची आधार कार्डं, बँक पासबुकं, सातबारे स्कॅन करून ठेवलेले असतात. त्याच जाळ्याचं वाय-फाय येणाऱ्या-जाणाऱ्याला दिलं, तर तो माणूस कार्यालयाच्या दारातून थेट आत आला असं समजा. बाहेरच्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वाय-फाय चालू करा. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. रिकाम्या पोर्टात कुणालाही लॅपटॉप जोडू देऊ नका.

वाचकांच्या मनातले प्रश्न

सगळं वाय-फायवरच चालवलं तर?
मोबाइलला चालेल. पण जिथे रोज अर्ज भरायचे, बोटाचे ठसे घ्यायचे, तिथे वायर भरवशाची. जाड भिंत आणि लोखंडी पत्रे वाय-फायला अडवतात.

स्विच रात्री बंद करायचा का?
गरज नाही. कॅमेरे असतील तर करूच नका. फक्त विजांच्या दिवसांत काढून ठेवा.

पोर्टाचा दिवा कधी हिरवा, कधी नारिंगी दिसतो. बिघाड आहे का?
बहुतेक स्विचमध्ये रंगावरून वेग कळतो. कंपनीनुसार अर्थ बदलतो, त्यामुळे सोबतचं माहितीपत्रक टाकून देऊ नका.

कात्रण काढून पेटीवर लावा

• पोर्ट मोजा, वर एक चतुर्थांश जास्तीचे घ्या.
• अस्सल तांब्याची वायर, एका तुकड्याला १०० मीटरची मर्यादा.
• दोन इमारतींमध्ये तांबं नाही, फायबर.
• ओएनटी, राउटर, स्विच तिन्ही यूपीएसवर.
• अडॅप्टरवर नाव, वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक.
• मोकळं टोक दिसलं तर खाचेत लावू नका, आधी विचारा.
• बिल आणि वॉरंटीचा कागद पेटीतच ठेवा.
• एक सुटी वायर आणि एक जादा अडॅप्टर कपाटात असू द्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तालुक्याला जाऊन ते आणायला वेळ नसतो.